दोन्ही नांदल्या पाहिजेत

२०१३ साली माझं शिक्षण आणि आमचं घर एकाच लॅपटॉपवर चालायचं. आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात राहायचो. पालघर जिल्हा अजून व्हायचा होता, पत्त्यात ठाणे लिहायचो. दिवसा कॉलेज आणि रात्री घरी डीटीपी: लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, आगाशी-नंदाखालच्या ओळखीतून येणारी चर्चची पत्रकं. सगळं पेजमेकर आणि श्रीलिपीत. श्रीलिपीच्या त्या जुन्या फॉन्टांतली फाईल दुसरीकडे उघडली की नुसता अक्षरांचा कचरा दिसतो, त्यामुळे विंडोज सोडायचा प्रश्नच नव्हता. कॉलेजातली प्रॅक्टिकल्स मात्र लिनक्सवर. लॅबमधला वेळ पुरत नव्हता आणि दुसरा लॅपटॉप घ्यायची ऐपत नव्हती.

एका दुकानात विचारलं, तर म्हणाले, "लिनक्स हवं तर सगळं फॉरमॅट मारावं लागेल." त्या डिस्कवर गिऱ्हाइकांची कामं होती आणि गेलेल्या बाबांचे फोटो होते.

वरच्या मजल्यावर एक काका राहायचे, पश्चिम रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांच्या कपाटात उबुंटू या लिनक्सच्या सीड्या होत्या. कॅनॉनिकल कंपनी २०११ पर्यंत मागेल त्याला या सीड्या टपालाने फुकट पाठवायची, आणि काकांनी त्या विरारच्या पत्त्यावर मागवल्या होत्या. माझी अडचण ऐकून ते म्हणाले, "फॉरमॅट कशाला? दोन्ही नांदल्या पाहिजेत. वही घेऊन ये."

आधी सगळ्या पायऱ्या वहीत लिहून काढायला लावल्या. रेल्वेत तीच सवय होती त्यांची. पहिली ओळ बॅकअपची. मी बाहेरच्या डिस्कवर सगळं कॉपी केलं, तर म्हणाले, "कॉपी झाली म्हणजे झालं असं नाही. उघडून बघ." बाबांचे फोटो त्या डिस्कवरून उघडून पाहिल्यावरच पुढची ओळ. दुसरी ओळ: फास्ट स्टार्टअप बंद. विंडोज ८ बंद केली तरी पुरती बंद होत नाही, आपली अवस्था डिस्कवर लिहून झोपी जाते. तेवढ्यात लिनक्सने त्याच पार्टिशनवर काही लिहिलं, तर फाइली बिघडू शकतात. तिसरी ओळ: विंडोजची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करायची, बाहेरून कापायची नाही. पावसाळा होता, वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून बॅटरी पूर्ण भरेपर्यंत त्यांनी मला थांबवलं.

त्या संध्याकाळी काका शेजारी बसून होते, पण कीबोर्डला त्यांनी एकदाही हात लावला नाही. एंटर दाबण्याआधी पडद्यावरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची, ही त्यांची अट. 'इरेज डिस्क' वाचताना माझा आवाज चिरकला. ते शांतपणे म्हणाले, "ते नाही. खालचं वाच." खाली 'समथिंग एल्स' होतं. मोकळ्या केलेल्या ८० जीबीत उबुंटू गेलं. दोघींना सामायिक असलेलं ईएफआयचं छोटं पार्टिशन जसंच्या तसं ठेवलं. मशीन परत सुरू झालं तेव्हा ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम निवडायच्या, यादीत दोन्ही नावं एकाखाली एक होती. "हा सांधा," काका म्हणाले. "गाडी कुठल्या रुळावर घालायची ते इथे ठरतं. आधी विंडोजवर घाल." श्रीलिपी उघडली, अर्धवट राहिलेली पत्रिका उघडली, काना-मात्रा सगळं जागेवर. मग उबुंटू.

दुसऱ्या दिवशी विंडोजचं घड्याळ मागे पडलेलं. मी धावत वर गेले. त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "किती मागे?" साडेपाच तास. "हा आकडा कुठे पाहिलायस?" भारतीय प्रमाणवेळ! मशीनच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरते आणि लिनक्स जागतिक वेळ. उबुंटूला स्थानिक वेळ धरायला सांगितलं आणि तंटा मिटला. असा प्रश्न विचारून थांबणारा शिक्षक मला कॉलेजात भेटला नव्हता. पुढे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पाचे मराठीतले धडेही त्यांनीच पेनड्राइव्हवर आणून दिले. टर्मिनलची माझी भीती त्या धड्यांनी घालवली.

पैसे विचारले तेव्हा ते रागावलेच. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तेवढी माझ्याकडून करून घेतली, आणि कागदाचे पैसे मोजून दिले. आज मी सर्व्हर सांभाळायची नोकरी करते. घर त्यावर चालतं. त्या पगारात काकांचा वाटा आहे असं मी मानते आणि ते ऋण फिटेल असं मला वाटत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते, म्हणून वसई-नालासोपाऱ्याची ओळखीतली मुलं लिनक्स टाकून घ्यायला लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. मी शेजारी बसते. वही तीच आहे. नव्या लॅपटॉपसाठी तिच्यात एक ओळ मी घातली: डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर चालू असेल तर काही करण्याआधी त्याची रिकव्हरी की लिहून घ्यायची. काका आता देवरुखला असतात. फोनवर त्यांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली आणि म्हणाले, "त्याच लॅपटॉपवर ठेवायची नाही, हेही लिही. कागदावर." लिहिलं.