मोठ्या बाईंची हजेरी

आंदर मावळातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत मी रुजू झाले तेव्हा पाऊस म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मी लातूरकडची. इथे पत्र्यावर तो असा वाजायचा की फळ्यापाशी बोललेलं मागच्या पोरांना ऐकू जात नसे. मोठ्या बाई मग शिकवणं थांबवत, सगळे वर्ग एकत्र बसवत आणि पाढे म्हणायला लावत. "पावसाशी भांडायचं तर सगळ्यांनी मिळून," म्हणायच्या. पण एक डोळा खिडकीतून डोंगरावर. 1989च्या जुलैत भाज्यावर दरड कोसळली ते त्या विसरल्या नव्हत्या. 2014चं माळीण तर पुष्कळ नंतरचं. ओहोळाचं पाणी गढूळ झालं की शाळा सुटलीच. परिपत्रकाची वाट बघणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात त्या गेल्या.

शिकवायला मिळायचा तो उरलासुरला वेळ. खिचडीच्या तांदळाचा हिशेब, मतदार याद्या, 'सरल'ची माहिती भरायला रेंज येईल त्या टेकाडावर चढणं. आधार जुळत नाही म्हणून मूल पटावर धरायचं नाही, भले ते समोर मांडी घालून खिचडी खात असो. आवणी लागली की चौथीचा निम्मा वर्ग चिखलात. धरणाकाठी तंबू आले तसे सोमवारही गेले. शनिवार-रविवार पाहुण्यांची उस्तवार करून पोरं वर्गात पेंगायची. मी चिडायचे. बाई हसून म्हणायच्या, "अगं, पोटात चार पैशांचं गेलंय त्यांच्या, झोपू दे घटकाभर."

त्यांना राग यायचा तो एकाच शेऱ्याचा: 'नाव कमी केले'. दिवाळी झाली की कातकरवाडीतली बिऱ्हाडं वीटभट्ट्यांवर जात. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे पोरांसकट जाणं आलंच. बाई शिक्षण हमी कार्ड भरून देत आणि तेवढ्यावर न थांबता रविवारी घाट उतरून कर्जतकडच्या भट्ट्या पालथ्या घालत. पिशवीत पाट्या, पुस्तकं आणि शेंगदाण्याचे लाडू. कुठलं बिऱ्हाड कोणत्या मालकाकडे, किती उचल फिटायची राहिली, कोण होळीला परतणार नि कोण पावसाच्या तोंडावर, हे सारं त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही. मी एकदा म्हटलंही, बाई, लिहून ठेवा. "लिहिलं की मागतात," एवढंच उत्तर.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा काढायचं 2023 साली निघालं, तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "विजापूरकरांचं समर्थ विद्यालय तळेगावात बंद करायला 1910 साली इंग्रज सरकारला राजद्रोहाचा संशय यावा लागला. आपल्याला काय, आकडा पुरे!" असलं बोलायला आता माझ्याजवळ कोणी नाही. नवे गुरुजी भले आहेत, वक्तशीर आहेत, पण त्यांचं भांडण फक्त नेटवर्कशी.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर त्यांचे जुने विद्यार्थी जमले होते. चाकणच्या कंपनीतले, तंबू चालवणारे, एक पोलीस. कुणाचा कान जास्त वेळा पिळला गेला यावर त्यांची चांगलीच जुंपली. भटजींनी दोनदा गप्प केलं.

यंदा 'स्थलांतरित विद्यार्थी' हा रकाना भरताना मला कुणाचाच ठावठिकाणा सांगता येईना. मग मीच घाट उतरले. विचारत विचारत तिसऱ्या भट्टीवर आमच्या तिसरीतल्या पोरीची आई सापडली. "मोठ्या बाई नाय आल्या?" मी सांगितलं. ती विटांच्या थप्पीला टेकून थोडा वेळ बोललीच नाही. मग पोरीला हाक मारली, हात धुवायला लावले नि म्हणाली, "म्हण, बाईंना नवाचा पाढा म्हणून दाखव." पोर त्रेसष्टला अडली. मी पिशवी खाली ठेवली आणि तिला पहिल्यापासून म्हणायला लावलं.