वॉटर्लूचा पैलवान

डॅन गेबलचा जन्म 1948 चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावचा. मक्याच्या या मुलुखात शाळकरी कुस्त्यांनाही गर्दी लोटते. पैलवानाच्या पदरात पैसा पडत नाही, मान मात्र भरपूर मिळतो.

1964 साली आईवडिलांसोबत डॅन मासे धरायला गेला असताना घरी राहिलेली थोरली बहीण डायान हिचा खून झाला. डॅन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आईवडिलांचं त्या घरावरून मन उडालं. घर विकायच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा पोराने आपलं बिऱ्हाड उचलून सरळ बहिणीच्या खोलीत मांडलं. घर विकलं गेलं नाही. त्याच्या सगळ्या यशाचं मूळ या खोलीत शोधण्याचा मोह अनेकांना होतो. पण तालमीची ओढ त्याला आधीपासूनच होती.

शाळेत 64 पैकी 64 कुस्त्या जिंकून तो आयोवा स्टेट विद्यापीठात गेला. तिथेही हार ठाऊक नाही. शाळा-कॉलेज मिळून लागोपाठ 181 विजय झाले आणि 1970 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम लढत आली. समोर वॉशिंग्टन विद्यापीठाचा लॅरी ओविंग्ज. अखेरच्या क्षणांत ओविंग्जने गेबलला खाली घेतलं, पाठ गादीकडे वळवली आणि कुस्ती 13-11 अशी मारली. बक्षीस घेताना गेबलची मान खाली होती. प्रेक्षक मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते.

कॉलेजातली ही शेवटची कुस्ती, म्हणजे तिथे परतफेडीला जागाच नव्हती. गेबलने मेहनत आणखी वाढवली. 1971 ला सोफियात तो जगज्जेता झाला. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकला तो दुखऱ्या गुडघ्यानिशी उतरला. पहिल्याच लढतीत डोकं फुटून टाके पडले. तरी 68 किलो गटाच्या सहा लढतींत एकाही प्रतिस्पर्ध्याला त्याने एक गुणसुद्धा दिला नाही. शेवटी सोव्हिएत मल्ल अशुरालियेव्हही 3-0 असा हरला. फ्रीस्टाइलमध्ये हे जवळपास अविश्वसनीयच.

पुढे तो आयोवा विद्यापीठाचा वस्ताद झाला. 1977 ते 1997 या काळात त्याच्या संघाने 15 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यांतली नऊ ओळीने. अखेरच्या हंगामात खुब्याची शस्त्रक्रिया झालेला गेबल कुबड्या घेऊन गादीशेजारी हजर असे. 2013 मध्ये ऑलिंपिकमधून कुस्ती वगळण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ती टिकवण्याच्या खटपटीत तोही होता. कुस्ती राहिली. 2020 साली अमेरिकेने त्याला 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला.