शेगडीचे झाकण

आमच्या घरी गेल्या वर्षी एक शेगडी घ्यावयाचे ठरले, आणि त्या एका वस्तूवरून तीन आठवडे घरात जी चर्चा चालली, तेवढी मुलामुलींच्या लग्नातही झाली नव्हती. शेगडी ती काय, असे वाचकांस वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते.

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्करातील दाना ओलीत आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावला आणि त्या तळाचेच पुढे गाव झाले. म्हणून त्या भागास आजही लष्कर म्हणतात. फौजेबरोबर जी मराठी कुटुंबे उत्तरेत आली, त्यांनी आपले देव्हारे आणि आपले कुळाचार बरोबर आणले. बोलीत मात्र भोवतालची हिंदी मिसळत गेली. आमच्या तोंडी शेगडीची अंगीठी झाली आणि गोवरीचा कंडा झाला. पण नैवेद्याच्या ताटात काय असावे, हे दोनशे वर्षांत बदलले नाही.

आमचे कुलदैवत खंडोबा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून त्याचे षड्‌रात्र बसते आणि षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, ते उठते. मणि आणि मल्ल या दैत्यांच्या पारिपत्याचा हा उत्सव जेजुरीस मोठ्या थाटाने होतो. घरोघरी तो तळी भरून आणि नैवेद्य दाखवून होतो. नैवेद्य असतो वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा. चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी आणि कांदा अनेक घरांत या दिवसापासून पुन्हा ताटात येतात. चार महिने वाट पाहून मिळालेल्या त्या पहिल्या घासाची गोडी, ज्यांनी नेम पाळला आहे त्यांनाच ठाऊक.

भरीत आणि रोडगा हे दोन्ही मूळचे निखाऱ्यावरचे पदार्थ. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. वऱ्हाडात आणि आमच्या चंबळेकडच्या मुलखात गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे अन् बाट्या पुरतात. माझी पत्नी फोंड्याकडची. तिच्या माहेरी करवंट्यांचा विस्तव. तो झटकन पेटतो, प्रखर असतो आणि त्याचा निखारा निवळ असतो. आगशीच्या वांग्यांपुढे लष्करच्या बाजारातील वांगी तिला आजतागायत फिकी वाटतात. विस्तवाच्या बाबतीत मात्र तिचे आणि आमच्या घराण्याचे एकमत होते: भरताला निखारा हवा.

आणि तरीही आमच्या घरी गेली कित्येक वर्षे खंडोबाचे वांगे गॅसच्या ज्योतीवर भाजले जात होते. ते शिजे, साल करपे, पण निखाऱ्याचा वास त्याला येत नसे. याचे कारण घरातील वडील माणसांना माहीत होते. त्याचा उच्चार कोणी करीत नसे.

गेल्या कार्तिकात माझा पुतण्या बऱ्याच वर्षांनी परदेशातून सुटीवर आला. "काका, या वर्षी नैवेद्याचे भरीत मागच्या अंगणात निखाऱ्यावर करू. शेगडी मी आणतो, तुम्ही फक्त पसंत करा," असे म्हणून त्याने कामास सुरुवात केली. त्या देशात लोक घरामागच्या अंगणात भाजण्याची साधने किती हौसेने आणि किती चिकित्सेने निवडतात, याचे वर्णन तो रोज जेवताना करू लागला. मी ऐकत होतो. काकूही ऐकत होत्या. त्यांचे वय आता चौऱ्याऐंशी.

त्याने प्रथम आणली ती बाजारात सर्वत्र मिळणारी, घडीच्या पायांची पत्र्याची उघडी शेगडी. स्वस्त आणि हलकी. पण पत्रा इतका पातळ की दोन हिवाळ्यांत भोक पडावे. शिवाय ती उथळ असल्याने निखारे वांग्यांच्या अगदी पोटाशी येत आणि वाऱ्याची झुळूक आली की राख उडून पदार्थावर बसे. ती परत गेली. विजेच्या जाळीचा प्रश्नच नव्हता. ती भाजते, पण निखाऱ्याचे काम करीत नाही. एका स्नेह्याने आपली मोठी शेगडी दोन दिवस देऊ केली. तीवर मांसमच्छी भाजली जात असल्याने काकूंनी नम्रपणे नकार दिला. पत्नी म्हणाली, "आमच्या माहेरीही मासळीची जाळी निराळी आणि देवाची निराळी." तो मुद्दा तेथेच मिटला.

मग निघाला धुरावर शिजविणाऱ्या उंच नळकांड्याचा विषय. त्यात खाली लाकडाचे तुकडे धुमसत ठेवावयाचे आणि वर पदार्थ शंभर-सव्वाशे अंशांच्या मंद उष्णतेत तासन्‌तास ठेवावयाचा. लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य तापले की त्यातून ग्वायाकॉलसारखी सुगंधी द्रव्ये निघतात आणि धुराचा तो विशिष्ट वास पदार्थात उतरतो. मांसाचे जाड तुकडे मऊ करण्यास ही रीत उत्तम असेल. पण वांग्याला हवी असते नेमकी उलट गोष्ट. त्याला प्रखर आच पाहिजे, म्हणजे साल काळीठिक्कर होते आणि गर आपल्याच वाफेत शिजतो. मंद धुरात वांगे सुरकुतते आणि चामट होते. ज्या घरात मांस शिजत नाही, त्या घराने असले नळकांडे घेणे म्हणजे ताक घुसळावयास हौद बांधण्यासारखे.

शेवटी पुतण्याने आपल्या आवडीची वस्तू चित्रांतून दाखविली. गोल हंडी, तीवर तसेच गोल झाकण, खाली तीन पाय. १९५२ साली शिकागोजवळ वेबर ब्रदर्स या पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने ती प्रथम घडविली. उघड्या शेगडीवर वारा-पाऊस येऊन त्याचा बेत बिघडे. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये तयार होत, त्यांचेच अर्धगोल घेऊन त्याने एकाची हंडी केली आणि दुसऱ्याचे झाकण. झाकणामुळे शेगडीची भट्टी झाली. निखारे एका बाजूस लोटून दुसऱ्या बाजूस रोडगे ठेवले, झाकण घातले, की ते न करपता आतपर्यंत भाजून निघतात. हंडीच्या तळाशी आणि झाकणाच्या माथ्यावर सरकत्या झडपा असतात. त्या उघडल्या की आच वाढते, मिटत आणल्या की उतरते.

मला ते पटत चालले होते. किंमत ऐकून मी जरा थबकलो, तोच काकूंनी हातातील वाती बाजूला ठेवल्या आणि त्या तीन आठवड्यांत प्रथमच तोंड उघडले.

"ते सगळे असो. ती विझवायची कशी, एवढे मला आधी सांगा."

पुतण्या हसणार होता. पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो गप्प राहिला. त्या रात्री मी त्याला अंगणात नेले आणि जे त्याला कोणी सांगितले नव्हते ते सांगितले.

चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पौषातील रात्र होती. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो हे सर्वांस ठाऊक असते. तेथील हिवाळी रात्र दोन-तीन अंशांपर्यंत उतरते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. संध्याकाळी अंगणात बाट्या झाल्या होत्या. अंगीठीत निम्मे निखारे शिल्लक होते. धूर नव्हता, ज्वाळा नव्हती, वर पांढरी राख धरली होती. ते वाया कशाला घालवावयाचे, असे म्हणून काकांनी अंगीठी उचलून आतल्या खोलीत नेली आणि थंडीसाठी दारे-खिडक्या लावून घेतल्या. सकाळी दूधवाल्याच्या हाकेला ओ आली नाही. दार उचकटावे लागले. काकू बेशुद्ध होत्या, त्या वाचल्या. काका गेले.

उत्तरेत दर हिवाळ्यात असे घडते आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळींत छापून येते. पुरेशा हवेविना धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला जितक्या ओढीने धरते, त्याच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने या वायूला धरते. मग श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. आधी डोके जड होते, मळमळते, ग्लानी येते. आणि ग्लानी आलेला माणूस उठून दार उघडीत नाही. धूर असता तर माणूस खोकला असता, जागा झाला असता. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही आमची समजूत. आणि तिनेच घात केला.

त्या दिवसापासून काकूंनी घरात निखारा पेटू दिला नाही. देवापुढचे धुपाटणेही माळ्यावर गेले आणि धुपाचे काम उदबत्तीवर भागू लागले. आम्ही सर्वांनी ते मुकाट्याने मानले. पण काकूंनी आता निखारा नको म्हटले नव्हते. तो विझवावयाचा कसा, एवढेच विचारले होते. मला त्या प्रश्नाचा अर्थ लागावयास रात्र लागली.

ऋग्वेदाचे पहिलेच सूक्त अग्नीचे आहे. अग्नी हा घरी आलेला अतिथी, ही आपली फार जुनी भावना आहे. आपण देवाचे आवाहन करतो तसे विसर्जनही करतो. गणपती असो वा घट असो, उत्तरपूजेवाचून पूजा पुरी होत नाही. मात्र शेगडीच्या बाबतीत आमची सारी चर्चा आवाहनापुरती होती: ती पेटेल किती लवकर, तापेल किती, भाजेल कसे. पदार्थ ताटात पडला की आमचे लक्ष संपे, आणि नेमका तेथून पुढे अग्नी कोणाचाच नसे. भाजून झाल्यावर उरलेल्या विस्तवाचे काय होणार, हा प्रश्न शेगडी निवडताना पहिला विचारला पाहिजे, हे काकूंना जन्माचे मोल देऊन कळले होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्या काकूंपुढे बसला. "आजी, दोन्ही झडपा मिटल्या की आत हवा जात नाही. हवा नाही म्हणजे निखारा आपोआप विझतो. पाणी ओतावे लागत नाही." काकू म्हणाल्या, "अरे, माझ्या सासूबाई निखारे चिमट्याने उचलून मडक्यात टाकायच्या अन् वर परळ झाकायच्या. सकाळी कोळसे तसेच्या तसे. ही तुझी हंडी म्हणजे ते मडकेच की!"

झाकणाचा गुण पटल्यावर परदेशी हंडीची निकड उरली नाही. दाना ओलीपासून जवळच एक लोहार जुन्या रीतीची अंगीठी करून देतो: लोखंडी बादली, खाली तोंड, मध्ये गजांची जाळी आणि आतून माती, भुसा व शेण कालवून दिलेला बोटभर जाड लेप. जस्ताचा मुलामा असलेली बादली आम्ही टाळली, कारण जस्त फार तापले तर त्याची वाफ अपायकारक असते. पुतण्याने कागदावर आकृती काढून दिली आणि लोहाराने काठावरून दोन बोटे खाली उतरणारे घुमटाकार झाकण, त्याच्या माथ्यावर सरकती पट्टी आणि खालच्या तोंडास सरकते दार बसवून दिले. पहिले झाकण सैल झाले. त्याची परीक्षा सोपी आहे: रात्री सर्व मिटून ठेवावे आणि सकाळी उघडून पाहावे. नुसती राख उरली असेल तर कोठून तरी हवा शिरते. कोळसे उरले असतील तर झाकण चोख. दुसरे झाकण परीक्षेस उतरले.

चंपाषष्ठीस अंगणातील फरशीवर, उघड्या आकाशाखाली, अंगीठी पेटली. बाभळीचा कोळसा, वर दोन गोवऱ्या. रॉकेलचा थेंबही नाही. शेजारच्या घरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते, कारण आमच्या ओलीत एकाचा धूर तो दुसऱ्याचा प्रसाद होतो. वांग्यांना चार-चार टोचे दिले, म्हणजे ती फुटत नाहीत. निखाऱ्यावर राख धरल्यावर ती जाळीवर चढली. तळी भरली, येळकोट झाला, नैवेद्य दाखविला. काकूंनी भरिताचा पहिला घास घेतला आणि कितीतरी वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

जेवणे झाल्यावर त्या काठी टेकीत स्वतः अंगणात आल्या. वरची पट्टी त्यांनी सरकविली, खालचे दार मिटले आणि हात जोडले. झाकण मिटले तरी निखारा तत्काळ विझत नाही. तासन्‌तास तो आत धुमसतो आणि तेवढा वेळ त्याचा तो अदृश्य वायू निघतच असतो. म्हणून अंगीठी रात्रभर अंगणातच राहिली. ती उंबरठ्याच्या आत कधीही यावयाची नाही, असा नियम पुतण्याने झाकणावर खडूने लिहून ठेवला.

सकाळी काकूंनी झाकण उघडले. आत काळे, थंड कोळसे होते. त्यांनी ते वेचून मडक्यात भरले आणि मला हाक मारली, "अरे, माळ्यावरचे ते धुपाटणे काढ बरे. अंगणातल्या तुळशीपुढे लागेल."