बाळंतिणीचं मनही विचारा

मैत्रिणींनो, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी सगळं आपण आठवणीने करतो. तिच्या मनाची विचारपूस मात्र राहून जाते. माझीही राहिली होती.

पोलादपूर माझं माहेर, महाड सासर. माहेरी मुलगी झाली ती भर आषाढात. बाहेर पावसाची झड, सावित्रीला पूर आला तर महाडच्या घरात पाणी शिरेल ही धास्ती, आणि कुशीत रडणारं बाळ. बघायला येणाऱ्या बायका म्हणत, "पहिली बेटी, धनाची पेटी!" मी हसत असे आणि दार लागलं की रडत असे. बाळ झोपलं तरी माझा डोळा लागेना. एकदा तर वाटलं, हिला आईजवळ ठेवावं आणि कुठे तरी निघून जावं. हे मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येतंच, ते आपोआप ओसरतं. माझं दीड महिना झाला तरी ओसरेना. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे आधीपासून होतं का?"

होतंच की! सातव्या महिन्यापासून छातीत धडधड व्हायची. कॉलेजात असतानाही एकदा असंच मन खचलं होतं. त्यात माझा स्वभाव! शाळेचं टाचण असो की घरची पुरणपोळी, काही चुकता कामा नये. बाळ अंगावर पिईना तेव्हा वाटलं, आई म्हणून मी नापास झाले. आमचे हे नोकरीसाठी मुंबईला. त्यांनाही काही बोलले नाही.

अशी मी एकटीच नव्हते. गोव्यातल्या आयांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत २५२ जणींपैकी ५९ जणींना, म्हणजे जवळजवळ चौघींत एकीला, बाळंतपणानंतरचं नैराश्य आढळलं. त्यांतल्या ७८ टक्के गरोदरपणीच मनाने त्रासलेल्या होत्या. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बेबनाव, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, यांनी धोका वाढतो असंही दिसलं.

म्हणून गरोदरपणीच विचारा. पूर्वी कधी मन खचलं होतं का? कसली धास्ती वाटते का? मनातलं बोलायला कोणी आहे का? बाळंतपणानंतर उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवा. उपचारांनी बरं वाटतं, मलाही वाटलं. रात्री बाळाला आईने सांभाळलं, तेही औषधच ठरलं. स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावं असं मनात आलं, तर मात्र तिला क्षणभरही एकटी सोडू नका, तडक दवाखाना गाठा. सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा फोनही दिवसरात्र, मोफत आहे.

परवा धाकट्या जावेची ओटी भरली. नारळ पदरात घालताना हळूच विचारलं, "झोप लागते का गं?" तिचे डोळे भरून आले. त्या रात्री आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो.