बसून का उभ्यानं?

माझ्या अनुवादाच्या कामावर बऱ्याच जणांचं ऋण आहे. पुण्यात फ्रेंच शिकवणारे शिक्षक आहेत, वापरून पानं सुटलेले शब्दकोश आहेत. पण पहिलं नाव घ्यायचं ते जिजीचं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी आमचं गाव. जिजी नात्यातली नव्हती. खुरपणीला येणाऱ्या बायकांची ती म्होरकी. पात धरली की बाकीच्या तिच्या हाताच्या वेगानं पुढं सरकायच्या.

एकदा हातअवजारांचं एक फ्रेंच माहितीपत्रक इंग्रजीत करायचं काम माझ्याकडं आलं. त्यात ऊ, बिनेत, सार्कल्वार आणि सर्फूएत अशी चार अवजारं एकाखाली एक होती. मी चारही ठिकाणी इंग्रजी ‘हो’ (hoe) लिहून मोकळी झाले. कागद परत आले. चार वस्तूंतला फरक गिऱ्हाइकाला कसा कळणार, असं त्यावर लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं.

शब्दकोशात जे मिळण्यासारखं होतं ते मिळालं होतं. इंग्रजीतला ‘हो’ हा मुळात जुन्या फ्रेंचमधूनच, त्या ‘ऊ’ मधूनच गेलेला. इंग्रजीनं तो एक शब्द घेतला आणि पुढं गरज पडेल तसं त्याला विशेषण जोडलं. फ्रेंचमध्ये मात्र अवजाराचं नाव कामातून येतं. ‘बिने’ म्हणजे माती पुन्हा हलवणं, त्याच्या मुळाशी ‘दुसऱ्यांदा’ हा अर्थ, त्यावरून बिनेत. ‘सार्कले’ म्हणजे तण काढणं, त्यावरून सार्कल्वार. एवढं कळूनही कुठल्या चित्रासमोर कुठला इंग्रजी शब्द ठेवायचा, ते मला उमगत नव्हतं.

सुट्टीला गावी गेले तेव्हा ती चित्रं बरोबर नेली. दुपारी बांधावर भाकरी सोडलेली होती. मी जिजीला विचारलं, “याला काय म्हणशील?” तिनं नाव सांगितलंच नाही. कागद जवळ धरून तिनंच मला विचारलं, “हे बसून चालवायचं का उभ्यानं? अन् वढायचं का लोटायचं?”

दोन प्रश्न. मी चित्रं पुन्हा पाहिली. दांडे लांब, म्हणजे सगळं उभ्यानं. बिनेतचं पातं दांड्याशी आत वळलेलं, म्हणजे स्वतःकडं ओढायचं. ते ‘ड्रॉ हो’. माझ्या कागदावरच्या सार्कल्वारचं पातं सपाट पुढं गेलेलं, मातीच्या पापुद्र्याखालून लोटायचं. ते ‘डच हो’. ऊ जड, खणून माती ओढणारी. तिला साधा ‘हो’ पुरे. सर्फूएतला एका अंगाला पातं, दुसऱ्या अंगाला दोन दात. जिजी म्हणाली, “हितनं तण काढायचं, तितनं माती मोकळी करायची. कुदळीचं लेकरू हाय हे.” त्याला मी दोन्ही अंगांचं वर्णन करणारं नाव दिलं. महिनाभर अडलेलं काम एका दुपारी सुटलं.

मला तेव्हा ध्यानात आलं, की आपली नावंही तशीच आहेत. खुरपं आणि खुरपणी, कोळपं आणि कोळपणी. तण काढण्याच्या याच कामाला सातारा-कोल्हापूरकडं भांगलण म्हणतात, विदर्भात निंदण. फ्रेंच बागवानांत एक म्हण आहे, एकदा बिनेत फिरवणं म्हणजे दोनदा पाणी देणं. जिजीला ती सांगितली तर ती लगेच म्हणाली, “आपल्यात म्हणत्यात, एक कोळपणी अर्धं पाणी.” आमचा पट्टा पर्जन्यछायेचा. रब्बीची ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते, आणि काळी रानं भेगाळली की तीच ओल भेगांतून उडून जाते. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात. तिकडं दोन पाण्यांचा हिशेब, इकडं अर्ध्याचा, पण दोघांनी पाहिलेली गोष्ट एकच.

माझं आजोळ दौंड तालुक्यात, केडगावकडं. तिथं मुक्तिमिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. न शिकलेल्या बाईलाही कळावं, असं मराठी त्यांना हवं होतं. 1922 मध्ये त्या गेल्या, आणि 1924 मध्ये तो अनुवाद छापून पुरा झाला. पेरणी, कापणी, द्राक्षमळे, विळे यांनी भरलेला तो ग्रंथ. त्यांच्या आजूबाजूला शेतकाम जाणणाऱ्या किती बायका असतील, असं मला जिजीच्या त्या दुपारनंतर वाटायला लागलं. मामाकडं जाताना केडगाव स्टेशन आलं की आजही मी खिडकीशी सरकते.

त्या माहितीपत्रकाचे पैसे मिळाले तेव्हा त्यातले थोडे मी जिजीपुढं ठेवले. तिनं हात लावला नाही. एवढंच विचारलं, “तिकडच्या बाया खरंच उभ्यानं खुरपत्यात?” मी हो म्हटलं. ती बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “मंग त्यांचं गुडघं शाबूत असतील.”

त्या दिवाळीनंतर गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडली. बिनेतचं चित्र घेऊन मी गेले. घिसाडी सांडशीनं लोखंड धरत होता, त्याची कारभारीण घण मारत होती. त्यानं पातं मला दोनदा विचारून वळवलं, पाणी दिलं, दांड्यासाठी नेढं पाडलं. दांडा आम्ही घरी बसवला, जिजीच्या छातीएवढा.

कांद्याच्या वाफ्यात ते चालेना. रोपं दाट, पातं फिरायला जागा नाही. तिथं तिनं पुन्हा आपलं जुनं खुरपं घेतलं. पण वांग्याच्या सऱ्यांत ती सकाळपासून दुपारपर्यंत न बसता काम करायला लागली. शेजारच्या दोघी-तिघी ते मागून न्यायच्या. पहिल्यांदा मागायला आलेल्या बाईला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. जिजीनं आतून सांगितलं, “उभं खुरपं म्हन. दाराआड टेकवलंय, घे.”