टॉमी प्रिन्स : पदके परत येतात, वर्षे येत नाहीत

१/ २००१ साली कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या लंडन शहरात काही युद्धपदके लिलावास निघाली. ती ज्याची होती, तो सैनिक १९७७ मध्ये विनिपेग येथे निष्कांचन अवस्थेत मरण पावला होता. बोली लावणाऱ्यांत त्याचे आप्तही होते. सार्जंट टॉमी प्रिन्स आणि त्याच्या ब्रोकनहेड वसाहतीची ही कथा.

२/ विनिपेग सरोवराच्या दक्षिणेस, मॅनिटोबाच्या सपाट प्रदेशात ओजिब्वे या मूलनिवासी समाजाची ही लहान वसाहत आहे. १९१५ साली जन्मलेला टॉमी अकरा भावंडांपैकी एक. १८१७ मध्ये गोऱ्या वसाहतकारांशी करार करणाऱ्या पेग्विस या प्रमुखाचा तो खापरपणतू. शिकारी वडिलांकडून त्याने माग काढणे आणि नेम धरणे आत्मसात केले.

३/ सैन्याने त्याला आधी अनेकदा नाकारले. अखेर जून १९४० मध्ये तो भरती झाला आणि पुढे कॅनडा-अमेरिकेच्या संयुक्त विशेष दलात दाखल झाला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील सुमारे ३,००० नोंदणीकृत मूलनिवासी सैन्यात गेले. त्यांपैकी असंख्य जणांची नावे आज केवळ गावकीच्या स्मृतीत आहेत.

४/ फेब्रुवारी १९४४, इटलीतील लिटोरियाजवळ. शत्रूपासून जेमतेम २०० मीटरवरच्या एका शेतघरातून प्रिन्स टेलिफोनवरून जर्मन तोफांची ठिकाणे कळवीत होता. भडिमारात तार तुटली. घरात सापडलेले शेतकऱ्याचे कपडे त्याने अंगावर चढवले, हाती कुदळ घेतली आणि उघड्यावर शेत खणू लागला. बुटाचे बंद बांधण्याच्या मिषाने वाकून त्याने तार जोडली. मग दोन्ही सैन्यांच्या दिशेने मूठ उगारून, त्रासलेल्या शेतकऱ्यासारखा तो घरात परतला.

५/ या कामगिरीसाठी त्याला मिलिटरी मेडल मिळाले. दक्षिण फ्रान्समधील टेहळणीबद्दल अमेरिकेने सिल्व्हर स्टार दिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात सहाव्या जॉर्ज राजाच्या हस्ते त्याचा गौरव झाला.

६/ युद्धोत्तर पुनर्वसनात मात्र भेद होता. माजी सैनिकांना शेतीसाठी ६,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळे. राखीव क्षेत्रातील जमीन राजसत्तेच्या नावे असल्याने ती तारण ठेवता येत नसे. परिणामी तेथील मूलनिवासी सैनिकाच्या वाट्याला कमाल २,३२० डॉलरचे अनुदान येई, आणि तेही सरकारी अधिकाऱ्यामार्फत. रणांगणावर ज्याच्या निर्णयावर तोफा चालत, त्याला गावी नांगर घेण्यासाठी दुसऱ्याची संमती लागे.

७/ १९४७ मध्ये प्रिन्स मॅनिटोबातील मूलनिवासींचा प्रतिनिधी म्हणून संसदीय समितीपुढे उभा राहिला. समाजाचे करारसिद्ध हक्क पाळले जावेत, ही त्याची मागणी. अपेक्षित बदल घडला नाही. इकडे परिचितांवर सोपवलेला त्याचा छोटा व्यवसायही मोडला. १९५० मध्ये तो पुन्हा सैन्यात गेला आणि कोरियात दोनदा लढला. तेथून परतला तो अधू झालेले गुडघे घेऊन.

८/ पुढे किरकोळ कामे, मद्य, विखुरलेला संसार. याच काळात, १९५५ मध्ये, विनिपेगच्या धक्क्यावर त्याने बुडणाऱ्या एका माणसाचे प्राण वाचवले. पदके केव्हाच हातातून गेली होती. अंत्यविधीला मात्र फ्रान्स, इटली आणि अमेरिकेचे प्रतिनिधी आले.

९/ त्याच इटलीत, जुलै १९४४ मध्ये, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्या गावोगावच्या वीरगळीही रणात पडलेल्यांच्याच. जो जिवंत परतला आणि मग तीस वर्षे हळूहळू खचत गेला, त्याचा दगड कोणी घडवत नाही. त्याचे वीरत्व क्षणात सांगता येते. त्याचे आयुष्य सांगायला समाजाला स्वतःचाही हिशेब मांडावा लागतो.

१०/ २००१ च्या लिलावात आप्तांनी ती पदके मिळवली. आज ती मॅनिटोबा संग्रहालयात आहेत. त्याच वर्षी २१ जून रोजी ऑटावात मूलनिवासी सैनिकांचे राष्ट्रीय स्मारक खुले झाले. २००२ मध्ये सरकारने हयात सैनिकांना वा त्यांच्या जोडीदारांना २०,००० डॉलरपर्यंत भरपाई देऊ केली. तोवर बहुतेकांची वाट पाहण्याची वर्षे संपली होती. विनिपेगमध्ये १९९४ पासून ८ नोव्हेंबरला मूलनिवासी सैनिकांचे स्मरण केले जाते. त्या दिवशी लिटोरियाच्या शेतातली कुदळ आठवावी. आणि २,३२० हा आकडाही.

(धागा समाप्त)