माशीकडे बघ!

"माशीकडे बघ."

मी हात तसाच ताणून धरला आणि डोळ्यांनी माशी शोधू लागलो. भिंतीवर नाही, छताला नाही, समोरच्या कागदावर तर नाहीच. शेवटी वाटलं, माझ्याच नाकावर बसली की काय!

"अरे माशी! पुढची माशी!" ताईंनी पिस्तुलाच्या टोकावरच्या काळ्या खुंटीकडे बोट दाखवलं. जिला मी आजवर 'फोरसाइट' म्हणत आलो, तिला मराठीत माशी म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये तेरा वर्षं काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? आधीच्या आठवड्यात 'चाप'वरून अशीच पंचाईत झाली होती. आमच्या घरी चाप फक्त आईच्या केसांत असतो. ट्रिगरला चाप म्हणतात, हे मला विसाव्या वर्षी कोल्हापुरात येऊन कळलं.

तर मित्रांनो, ही गोष्ट माझ्या नेमबाजीची. म्हणजे खरं तर न लागणाऱ्या नेमाची!

शाळेत एनसीसी होती, तिथे रायफलला हात लागला. इंजिनिअरिंगला इथे आल्यावर जिमखान्याच्या कपाटात एक एअर पिस्तूल धूळ खात पडलेलं सापडलं. जिमखान्याच्या सरांना पटवलं, दुसरा कोणी उमेदवारच नव्हता! १० मीटर एअर पिस्तूल म्हणजे एका हाताने, उभं राहून, सव्वा तासात ६० शॉट. प्रत्येक शॉटला जास्तीत जास्त १० गुण, एकूण ६००. फर्स्ट इयरला माझे ४४० आले. सहा महिन्यांत ४८०, वर्षात ५१५. मला वाटलं, याच स्लोपने गेलो तर थर्ड इयरला ५८० ला पोचतो. ग्राफ एक्स्ट्रापोलेट करू नये असं एम-थ्रीच्या सरांनी कितीदा सांगितलं, पण ऐकतो कोण?

५१८. ५२२. ५२०. ५२६. ५१९. सात महिने झाले तरी आकडा तिथेच.

नवशिक्याचं बरं असतं. त्याला कोणीही काहीही शिकवलं तरी गुण वाढतात. आणि जे ५७० च्या वर मारतात त्यांच्याकडे बघायला माणसं असतात. मधल्यांचं कोणी नसतं. आपल्याला सगळं माहीत असतं: उभं कसं राहायचं, श्वास कधी धरायचा, चाप हळूच दाबायचा... व्हायवात विचारलं तर आउट ऑफ मार्क्स! फक्त छर्रा तिथे जात नाही.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. खर्च केला. सपाट तळाचे बूट घेतले, डाव्या डोळ्यासमोरची पट्टी घेतली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ पाहिले. आणि शेवटी पप्पांकडून पंधरा हजार घेऊन एका मोठ्या शहरात दहा दिवसांच्या कॅम्पला गेलो. ते पैसे लॅपटॉपसाठी बाजूला काढलेले होते. कॅम्पात एसी हॉल होता, इलेक्ट्रॉनिक टार्गेट होती, भिंतीवर पदकं होती आणि आम्ही पस्तीस जण होतो. कोच काचेच्या केबिनमध्ये बसून स्क्रीनवर आमचे स्कोअर पाहायचे. आठ पडला की माइकवरून आवाज, "फोकस!" सात पडला की, "रिलॅक्स!" दहा दिवसांत ते माझ्या शेजारी एकूण चार मिनिटं उभे राहिले असतील. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं. घरी फोन केला तेव्हा पप्पांनी विचारलं, "किती आले?" मी म्हणालो, "पाचशे पंचेचाळीस." आले होते ५२३.

हे आज छापून येतंय, म्हणजे घरी माहीत झालेलं आहे, काळजी नसावी.

ताईंचा पत्ता मला हरल्यामुळे मिळाला. एका खुल्या स्पर्धेत माझ्या शेजारच्या लेनला अकरावीतली एक मुलगी होती. पिस्तूल जुनाट, ग्रिपला चिकटपट्टी. तिचे ५४८ आले! मी सगळा मोठेपणा गिळून विचारलं, "कुठे शिकतेस?" ती म्हणाली, "शिवाजी पेठेत. ताईंकडं. या की तुम्हीपण."

वास्तविक कोल्हापुरात राहून मी हे शोधायला शहराबाहेर जावं हाच गाढवपणा होता. याच गावच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं. राही सरनोबत इथलीच, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण तिचं. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतलं, तेव्हा अख्खं गाव आनंदाने वेडं झालं होतं. एवढं सगळं दारात असताना मी पंधरा हजारांचं तिकीट काढून बाहेर गेलो!

ताईंची रेंज म्हणजे एका तालमीचा वरचा मजला. सहा लेन, टार्गेटचा कागद दोरीवर पुढेमागे जाणारा, हाताने चाक फिरवून. खाली कुस्तीचा आखाडा. तुम्ही श्वास धरून नेम घ्यावा आणि खालून नेमका तेव्हाच कोणीतरी शड्डू ठोकावा! ताई दिवसा एका पतसंस्थेत कॅशिअर आहेत. त्यांच्या काळात त्या नॅशनलपर्यंत खेळल्या आहेत, पण हे मला त्यांनी नाही, इतरांनी सांगितलं. फी महिन्याला सहाशे, छर्रे आपापले.

पहिल्या दिवशी मी नुसता कोपऱ्यात बसलो. एकदा हात पोळला होता, त्यामुळे आता आधी बघून घ्यायचं ठरवलं होतं. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की काहीतरी वेगळं दिसतंय, पण काय ते कळेना. मग कळलं. ताई टार्गेटकडे बघतच नव्हत्या! प्रत्येकाच्या उजव्या बाजूला उभ्या राहायच्या आणि शॉट सुटेपर्यंत त्यांची नजर मनगटावर आणि बोटावर. कागद जवळ यायच्या आधीच सांगायच्या, "सात. खाली." आणि कागद आला की सात, खाली! कॅम्पातल्या काचेच्या केबिनमधून हे कसं दिसणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी माझं पिस्तूल नेलं. (जिमखान्याचं पत्र सोबत होतं. आता ते ताईंच्याच कपाटात असतं, कारण रेक्टर सरांना 'एअर' हा शब्द ऐकू येत नाही, फक्त 'पिस्तूल' ऐकू येतं.) ताई म्हणाल्या, "मार दहा." मी मारले. ८७ आले, ग्रुप बऱ्यापैकी मधे. मी खूश. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या हातातून पिस्तूल घेतलं आणि स्वतः पाच मारले.

पाचही उजवीकडे वर. एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ जवळ, पण मधे एकही नाही.

"क्लिक किती फिरवलेस?"

आता सांगायलाच हवं. माझे शॉट नेहमी खाली डावीकडे जायचे. आपण इंजिनिअर! एरर दिसली की करेक्शन. मागच्या साइटचे स्क्रू दर आठवड्याला एक-दोन क्लिक वर, एक-दोन क्लिक उजवीकडे. सात महिने. उजव्या हाताच्या माणसाचे शॉट खाली डावीकडे जातात, ते बहुतेक वेळा साइटमुळे नाही, चाप झटकल्यामुळे जातात, हे मी वाचलेलंही होतं. पण मी झटकत नाही अशी माझी खात्री होती.

"पिस्तूल सरळ आहे," ताई म्हणाल्या. "तू त्याला वाकडं केलंयस." आणि त्यांनी सगळे क्लिक जाग्यावर आणले.

मग सुरू झाला सगळ्यात वाईट आठवडा. "छर्रा मी घालणार," त्या म्हणाल्या. मी तोंड फिरवायचं, त्या पिस्तूल भरून ठेवायच्या. कधी छर्रा घालायच्या, कधी नाही. मला माहीत नाही. दहापैकी पाच वेळा आत काही नव्हतं, आणि पाचही वेळा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की चाप सुटायच्या क्षणी नळी खाली डावीकडे झुकते. मी झटकत होतो. प्रत्येक वेळी. शॉट 'आत्ता' घ्यायचा म्हणून अख्खा पंजा आवळत होतो. सात महिने व्हिडिओ पाहून जे दिसलं नाही ते पाच रिकाम्या शॉटांत दिसलं. मला त्या दिवशी रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही, आणि त्या दिवशी फीस्ट होती!

त्यानंतर महिनाभर टार्गेटच बंद. कागद उलटा लावायचा, पांढरी बाजू समोर. ना काळा गोल, ना आकडे. फक्त खाचेत माशी बरोबर मधे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत, आणि एकट्या बोटाने चाप दाबत राहायचा. सुटल्यावरही दोन सेकंद तसंच बघत राहायचं. माशीची गंमत तेव्हाची.

ती का बघायची हे मी हॉस्टेलवर येऊन कागदावर मांडलं, कारण नुसतं ऐकून विश्वास बसत नव्हता. मागची खाच आणि पुढची माशी यांत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर. टार्गेट १० मीटरवर. म्हणजे गुणोत्तर जवळपास ३०. खाचेत माशी १ मिलिमीटर सरकली, तर छर्रा ३० मिलिमीटर सरकतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आणि पुढची वर्तुळं ८-८ मिलिमीटरवर, म्हणजे सरळ सात! उलट खाच आणि माशी एका रेषेत ठेवून सगळा हातच ५ मिलिमीटर हलला, तर छर्रा ५ मिलिमीटरच सरकतो, आणि दहा पडतो. मी इतके दिवस हात हलतो म्हणून रडत होतो आणि काळ्या गोलाकडे डोळे फाडून बघत होतो. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस होतो. गोल स्पष्ट दिसला की माशी धूसर. धूसर व्हायला पाहिजे तो गोल. अप्लाइड मेकॅनिक्समध्ये केटी लागलेल्या मुलाने हे काढलं, याची नोंद व्हावी.

हॉस्टेलवर पिस्तूल नाही, म्हणून एक लिटर पाण्याची बाटली. मॅच पिस्तूल साधारण किलोभराचंच असतं. रोज रात्री भिंतीवरच्या ठिपक्यासमोर बाटली धरून अर्धा मिनिट, मग विश्रांती, असं वीस वेळा. रूममेटने आधी मला तहान लागलीय का विचारलं. नंतर पोरं ती बघायला येऊ लागली. रूम नंबर २१४ मध्ये एक माणूस बाटलीने भिंतीला धमकावतो, अशी ख्याती आहे.

आणि गुण? पहिल्या महिन्यानंतर ताईंनी मॅच लावली. ४९७! मी वहीकडे बघत राहिलो. त्यांनी त्यांच्या वहीत लिहिलं, "झटका: ६० पैकी २२," आणि म्हणाल्या, "गेल्या वेळी चाळीसच्या वर होता." गुण त्यांनी लिहिलेच नाहीत.

सातव्या आठवड्यात विद्यापीठाची निवड चाचणी. पहिले तीन आत. सरावाच्या शॉटांत माझे पहिले चार खाली डावीकडे गेले. टेन्शन, दुसरं काय! हात आपोआप साइटच्या स्क्रूकडे गेला. तीन क्लिक वर, तीन उजवीकडे, की गाडी मधे. जुन्या सेटिंगवर माझे ५२५ कुठे जात नाहीत, हे मला पाठ होतं. स्क्रूवर बोट ठेवून किती वेळ उभा होतो माहीत नाही, पंधरा मिनिटांतली बरीच गेली. मग हात काढला. पिस्तूल टेबलावर ठेवलं, पाणी प्यायलो, पुन्हा उचललं.

५१९ आले. तिसऱ्याचे ५२५. मी चौथा.

त्या रात्री पप्पांना फोन केला आणि कॅम्पचे खरे गुणही सांगून टाकले. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "या ताई किती घेतात?" मी म्हणालो, "सहाशे." ते म्हणाले, "महिन्याला? बरं. खोटं परत सांगू नकोस." लॅपटॉपचं मात्र पुन्हा नाव निघालं नाही. सीनिअरचा जुना वापरतोय.

मनू भाकर २०२१ मध्ये टोकियोहून रिकाम्या हाताने आली होती. २०२३ मध्ये ती परत आपल्या जुन्या कोचकडे, जसपाल राणांकडे गेली, आणि २०२४ ला पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली. हे मी ताईंना मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "ती रोज जाते. तू सबमिशन आलं की पंधरा दिवस गायब."

गेल्या शनिवारी ५३७ आले. वहीत झटका: ६० पैकी ९. अकरावीतली ती मुलगी आता बारावीत आहे आणि ५५६ मारते, त्यामुळे हवेत जायची सोय नाही.

हॉस्टेलमधल्या तिघा-चौघांनी विचारलंय म्हणून सांगतो. शनिवारी पाचला गेटवर भेटा. पायात बूट पाहिजेत, चप्पल चालत नाही. मोबाईल बाहेरच्या फडताळात ठेवावा लागतो. पहिले दोन दिवस छर्रा मिळणार नाही, कुरकुर करू नका. आणि ताई माशी म्हणाल्या की छताकडे बघू नका.